जुन्या सीपीयूत एसएसडी बसवली आणि आयडीई डिस्क दिसेनाशी झाली: बोर्ड बदलण्याआधी हे तपासा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपच्या मालकांचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसातला कॉम्प्युटर २००९ चा आहे. इंटेल जी३१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डाचा कारभार सांभाळणाऱ्या चिपांचा) बोर्ड, कोअर टू ड्युओ, विंडोज ७. त्यात २५० जीबीची साटा (बारीक केबलच्या, नव्या जोडणीची) डिस्क असून तिच्यावर विंडोज आहे. रुंद पट्टीच्या केबलवर ८० जीबीची जुनी आयडीई डिस्क आहे, तिच्यात पंधरा वर्षांची ड्रॉइंग आणि व्हीएमसीचे (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनचे) प्रोग्रॅम आहेत. डीव्हीडी रायटर साटाचा. मशीन फार हळू झालं म्हणून २४० जीबीची एसएसडी (चिपची, न फिरणारी डिस्क) घेतली आणि विंडोजचं क्लोन (हुबेहूब नक्कल) करून बसवली. आधी एसएसडी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) दिसेना. कुणीतरी सेटिंग बदललं तेव्हा ती दिसली, पण ८० जीबीची डिस्क गेली. मग २५० जीबीची डिस्क काढून चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’. दुरुस्तीला आलेल्या माणसानं सांगितलं, कंट्रोलर एकमेकांत भांडतायत, बोर्ड गेला, नवा सीपीयू घ्या. नवा घेता येत नाही, कारण ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची चावी म्हणून लावायचा तुकडा) पॅरलल पोर्टाचा आहे आणि व्हीएमसीला प्रोग्रॅम सिरियल पोर्टातून जातो.

तुमचा बोर्ड गेलेला नाही, हे मी जवळजवळ खात्रीनं सांगतो. बोर्ड गेला की एक डिस्क आली आणि दुसरी गेली असं इतकं शिस्तीत होत नाही. तुमच्याकडं दोन वेगळ्या गोष्टी एकाच दिवशी झाल्या, म्हणून त्या एकच बिघाड वाटतायत.

पण आधी ती ८० जीबीची डिस्क बाहेर काढा. आजच. बाकी काही करण्याआधी. एवढं वय झालेल्या डिस्कचा डेटा एकाच ठिकाणी असेल तर तिच्यावर प्रयोग करायचे नाहीत. आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, पण घेताना त्याच्यासोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे याची खात्री करा. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला लावून सगळं कॉपी करून घ्या आणि चार ड्रॉइंग उघडून बघा. कॉपी झाली एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कन्व्हर्टरला लावताना जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे केबलवरच्या पहिल्या डिस्कच्या जागी, हवा. वेस्टर्न डिजिटलची डिस्क असेल तर ती केबलवर एकटी असताना जंपर काढूनच टाकायचा असतो, कारण त्यांच्याकडं ‘एकटी’ आणि ‘जोडीदारासह मास्टर’ ही दोन वेगळी सेटिंग आहेत. या एका जंपरपायी चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात.

आता डिस्क का गायब होते ते. जुन्या पीसीत आयडीईचे दोन चॅनल असायचे, प्रायमरी आणि सेकंडरी. एकाला इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधायची ओळ) १४, दुसऱ्याला १५. प्रत्येकावर दोन वस्तू, म्हणजे सगळ्या मिळून चार. विंडोज ९८ ला एवढेच पत्ते माहीत होते. २००३ च्या सुमारास साटा आलं तेव्हा जुन्या विंडोजलाही ते ओळखता यावं म्हणून चिपसेटवाल्यांनी सोय केली की साटाच्या डिस्कनी आयडीईचं नाव लावून त्याच चार जागांपैकी एखादी घ्यायची. बायोसमध्ये या पद्धतीला कुठं ‘कम्बाइन्ड’ म्हणतात, कुठं ‘कम्पॅटिबल’, कुठं ‘लेगसी’. तुमच्या बोर्डावर साटाची चार पोर्टं आहेत आणि आयडीईची एक पट्टी, तिच्यावर दोन वस्तू बसतात. म्हणजे सहा वस्तू लावता येतात, पण कम्बाइन्डमध्ये जागा चारच. त्यातला एक चॅनल आयडीईची पट्टी घेते, उरलेल्या एका चॅनलवर साटाच्या दोनच वस्तू मावतात. २५० जीबीची डिस्क आणि डीव्हीडी रायटर यांनी त्या दोन जागा आधीच घेतल्या होत्या. तिसरी आलेली एसएसडी दिसणार कुठून? नंतर कुणीतरी ‘फक्त साटा’ असा पर्याय निवडला असणार. तो निवडला की साटाला चारही जागा मिळतात आणि आयडीईची पट्टी बंद पडते. तुमची ८० जीबीची डिस्क त्यामुळं गायब झाली. कंट्रोलर भांडत नाहीत, जागा पुरत नाहीत.

उपाय बायोसमध्येच आहे. ‘साटा मोड’, ‘ऑन-चिप आयडीई’ किंवा ‘एटीए/आयडीई कॉन्फिगरेशन’ अशा नावाच्या ओळीत ‘एनहान्स्ड’ किंवा ‘नेटिव्ह’ निवडा. मग साटाला स्वतःचे वेगळे पत्ते आणि वेगळा इंटरप्ट मिळतो, आणि सहाच्या सहा वस्तू दिसतात. एक्सपीपासून पुढच्या विंडोजला हे समजतं. कम्बाइन्डवरून एनहान्स्डवर गेलं तरी विंडोज ७ सहसा अडत नाही, कारण दोन्हीकडं ड्रायव्हर आयडीईचाच राहतो.

मात्र बायोसला हात लावण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. ‘लोड डिफॉल्ट्स’ तर मुळीच दाबू नका. तुमच्या बाबतीत ते का महत्त्वाचं आहे ते शेवटी सांगतो.

तुम्हाला कुणीतरी ‘एएचसीआय करा, एसएसडीला ते लागतंच’ असंही सांगितलंय. एएचसीआय म्हणजे साटा डिस्कशी बोलायचा, आयडीईहून नवा मोड. तुमच्या बोर्डावर तो शोधू नका. जी३१ सोबत येतो तो आयसीएच७ साउथब्रिज (डिस्क आणि पोर्टं सांभाळणारी चिप), आणि त्याच्या साध्या डेस्कटॉप आवृत्तीत एएचसीआय नाही. जी४१ च्या बहुतेक बोर्डांवरही तोच आयसीएच७ असतो. आयडीई मोडमध्ये एसएसडी चालते, आणि मायक्रोसॉफ्टचाच आयडीई ड्रायव्हर असेल तर विंडोज ७ मध्ये ट्रिमसुद्धा (पुसलेल्या जागा एसएसडीला कळवायची सोय) चालू राहतं. पोर्ट ३ गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला ३०० एमबीच्या वर काही जाणार नाही. पण तुमची तक्रार मशीन चालू व्हायला आणि ड्रॉइंग उघडायला लागणाऱ्या वेळाची आहे. तो वेळ डिस्कची सुई इकडून तिकडं नाचण्यात जातो, आणि एसएसडीत सुईच नाही. फरक पहिल्या दिवशी जाणवेल.

एएचसीआयचं दुखणं खरं येतं ते एच६१सारख्या नंतरच्या चिपसेटच्या बोर्डांवर, आणि आपल्याकडच्या ऑफिसांत ते बोर्ड खूप आहेत, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. विंडोज ७ आयडीई मोडमध्ये टाकलेलं असताना बायोसमध्ये एएचसीआय केलं की विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळी स्क्रीन चमकते आणि मशीन रीस्टार्ट होतं. कोडच्या शेवटी ७बी असतं. अर्थ एवढाच, की विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही, कारण नव्या मोडचा ड्रायव्हर त्यानं सुरुवातीला लोडच केलेला नाही. यात डेटाला काहीही झालेलं नसतं. बायोस परत आयडीईवर न्या, विंडोज उघडेल. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ‘एचकी लोकल मशीन’ या मुख्य शाखेत, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस या वाटेनं जाऊन ‘एमएसएएचसीआय’ नावाची की शोधा. तिच्यातल्या ‘स्टार्ट’ची किंमत ३ असेल तर ती ० करा. मशीन बंद करा, बायोसमध्ये एएचसीआय करा आणि चालू करा. विंडोज स्वतः ड्रायव्हर बसवून घेतं. विंडोज ८ आणि १० वर रजिस्ट्रीची गरज नाही. एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या पानावर सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये शिरा, मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, आणि मग ती टिक काढा. या दोन पद्धतींनी जे काम वीस मिनिटांत होतं त्यासाठी लोकांकडून फॉरमॅटचे पैसे आणि वर दोन दिवस घेतले जातात, याचं मला वाईट वाटतं.

याच ७बीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो फसवा आहे. शिरोलीच्या एका फाउंड्रीतलं मशीन दर सोमवारी बंद पडायचं. आठवडाभर ठीक, सोमवारी सकाळी निळी स्क्रीन. तिथल्या पोरांनी दोनदा विंडोज टाकलं होतं. मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा बायोसमध्ये एएचसीआय करून परत आलो. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. दुसऱ्या खेपेला बायोसमधली तारीख बघितली, ती काही वर्षं मागं होती. बोर्डावरचा सेल संपला होता. रविवारी मेन स्विच खाली जायचा, सेटिंग पुसली जायची, आणि बोर्ड मुळात होता तसा आयडीई मोडवर जायचा. सीआर२०३२ हा साधा ३ व्होल्टचा सेल बदलला आणि विषय संपला. तेव्हापासून जुन्या मशीनला हात लावला की मी सेल आधी बदलतो. तुम्हीही बदला. तुमच्याकडं साटा मोड हातानं लावावा लागणार आहे, म्हणजे सेल गेला की एसएसडी पुन्हा गायब.

आता तुमचा दुसरा बिघाड, बूटएमजीआरचा. विंडोज ७ टाकताना ते बहुतेक वेळा डिस्कच्या सुरुवातीला १०० एमबीचं एक छोटं पार्टिशन करतं. त्याला ड्राइव्ह लेटर नसतं, म्हणून ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ते दिसत नाही. मशीन सुरू करणाऱ्या फाइली तिथं असतात. क्लोन करणाऱ्यानं फक्त सी ड्राइव्ह कॉपी केला असावा. जुनी डिस्क लावलेली होती तोवर तिच्यावरच्या फाइलींवर काम भागत होतं, ती काढली आणि उघडं पडलं. बरेच जण नवं विंडोज टाकतानाही जुनी डिस्क तशीच ठेवतात, मग विंडोज एसएसडीवर आणि सुरू करणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर अशी वाटणी होते. वर्षभरानं जुनी डिस्क गेली की चांगली एसएसडीही उघडत नाही. विंडोज टाकताना एकच डिस्क लावलेली हवी, यात मी कधी सूट देत नाही.

तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे क्लोन पुन्हा करणं, या वेळी सी ड्राइव्हचं नाही, संपूर्ण डिस्कचं, त्या छोट्या पार्टिशनसकट. २५० जीबीची डिस्क २४० च्या एसएसडीवर जाते, पण आधी शेवटचं पार्टिशन थोडं आखडून घ्यावं लागेल. क्लोन झाल्यावर मशीन बंद करा, २५० जीबीची डिस्क सोडवा आणि पहिल्यांदा एकट्या एसएसडीवर चालू करा. हे चुकवू नका. क्लोनमध्ये डिस्कची ओळखखूणही जशीच्या तशी उतरते. एकाच खुणेच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज त्यातली एक ‘ऑफलाइन’ करतं आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये सिग्नेचर कोलिजन असं कारण देतं. तिथं घाईनं ‘ऑनलाइन’ दाबलं की विंडोज त्या डिस्कला नवी खूण देऊन टाकतं, आणि सुरुवातीच्या फाइली जुनी खूण शोधत असल्यामुळं ती डिस्क पुढं एकटीनं चालू होत नाही. असं झालंच तर विंडोज ७ ची डीव्हीडी टाकून स्टार्टअप रिपेअर करा. एकदा करून थांबू नका. काही वेळा दोन-तीन खेपा लागतात, कारण प्रत्येक खेपेला ते एकच दोष दुरुस्त करतं.

विंडोज एक्सपीच्या काळात पाडलेली पार्टिशनं असतील तर आणखी एक बघा. ती ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतात आणि एसएसडीच्या ४ केबीच्या हिशेबात बसत नाहीत, त्यामुळं एसएसडी विनाकारण दुप्पट काम करते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पार्टिशनचा स्टार्टिंग ऑफसेट दिसतो. त्याला ४०९६ नं पूर्ण भाग गेला पाहिजे. विंडोज ७ नं पाडलेलं पहिलं पार्टिशन साधारणपणे १०४८५७६ वर सुरू होतं, ते बरोबर आहे.

यानंतर बायोसमध्ये बूटचा क्रम बघा. पुष्कळ जुन्या बायोसमध्ये तो दोन ठिकाणी असतो. एका जागी ‘हार्डडिस्क, सीडी, यूएसबी’ असा क्रम, आणि दुसऱ्या जागी अनेक हार्डडिस्कपैकी पहिली कोणती ते. नवी डिस्क लावली की हा दुसरा क्रम आपोआप बदलतो, आणि तो कुणी बघत नाही. तिथं एसएसडी सर्वात वर घ्या.

मग मशीन बंद करून ८० जीबीची डिस्क परत लावा. केबल ८० तारांची असेल तर निळं टोक बोर्डात, काळं टोक डिस्कला. मधलं करडं टोक स्लेव्हसाठी असतं, ते मोकळं राहू द्या. खरं तर डेटा कॉपी झाल्यावर ती डिस्क मशीनमध्ये ठेवूच नये असं माझं मत आहे. ड्रॉइंग एसएसडीवर किंवा दुसऱ्या साटा डिस्कवर न्या आणि जुनी डिस्क कपाटात ठेवा. अडचण एवढीच की सॉफ्टवेअरला ड्रॉइंग ज्या ड्राइव्ह लेटरवर सापडायची सवय आहे, तेच लेटर नव्या जागेला द्यावं लागेल.

डिस्क मोजताना त्यांच्या नंबरावर कधी विसंबू नका. डिस्क ०, डिस्क १ हे नंबर पोर्टानुसार पडतात आणि मोड बदलला की तेही बदलतात. शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याच्या मशीनमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन डिस्क होत्या. मी केबल बदलून लावली आणि जुन्या नंबरावर भरवसा ठेवून चुकीची डिस्क फॉरमॅट केली. त्यांची एका हंगामाची खाती गेली. रिकव्हरीत काही परत आली, बाकीची त्यांनी वह्यांवरून पुन्हा भरली. तो माणूस मला एक शब्द उलट बोलला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून फॉरमॅटच्या वेळी जी डिस्क जपायची आहे तिची केबल काढलेली असते, आणि प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदावर लिहिलेला असतो.

एवढं करूनही डिस्क मधूनच दिसते, मधूनच जाते असं झालं, तर सेटिंग सोडा आणि केबल, पॉवर नि धूळ यांच्याकडं वळा. उद्यमनगरातल्या कॅबिनेटमध्ये बिडाची बारीक भुकटी असते आणि ती करंट वाहून नेते. त्यात मृगापासून दसऱ्यापर्यंतची आपल्याकडची ओल. कनेक्टरच्या पट्ट्या काळ्या पडतात. आधी ब्लोअर, मग ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि साटाची केबल नवी. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १९९ नंबरचा (तिथं तो सी७ असा दिसतो), सीआरसी म्हणजे केबलवरून डेटा नेतानाच्या चुकांचा आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. ५ आणि १९७ (तिथं सी५), म्हणजे खराब सेक्टरांचे आकडे, वाढत असतील तर डिस्कच जातेय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या नावानं ११ नंबरची नोंद असेल तर ती कंट्रोलर एररची असते. ते शब्द वाचून लोक बोर्ड बदलतात, पण केबल बदलली तरी ती नोंद थांबते हे मी पुष्कळदा पाहिलंय. एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) साटाचं टोक नसेल तर चार पिनांच्या टोकावरून साटाचा जोड घ्यावा लागेल. त्यात तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बसवलेला प्रकार घेऊ नका, तो आतून शॉर्ट होऊन जळतो. तारा दाबून बसवलेला, मागून उघडता येणारा जोड घ्या.

इतर बोर्डांबद्दल दोन शब्द, कारण हाच प्रश्न वेगळ्या मशीनवरही येतो. इंटेलनं आयसीएच८ पासून चिपसेटमधून आयडीई काढून टाकलं, म्हणून त्यापुढच्या बोर्डावर आयडीईची पट्टी दिसली तर ती जेमायक्रॉन, मार्व्हेल अशा दुसऱ्या कंपनीच्या वेगळ्या चिपवर असते. तिचं चालू-बंद बायोसच्या ‘ऑनबोर्ड डिव्हायसेस’च्या पानावर असतं, साटाच्या पानावर नाही. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपचे जुने बोर्ड नव्या डिस्कशी वेग जुळवून घेऊ शकत नाहीत. हार्डडिस्कवर १.५ गिगाबिटचा जंपर लावून भागतं, पण एसएसडीवर तसा जंपर नसतो, म्हणून त्या बोर्डावर एसएसडीचा हट्ट धरू नये. आणि एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एसएसडी) कार्डात घालून लावायचा सल्ला कुणी दिला तर तुमच्या मशीनसाठी तो घेऊ नका. या बायोसला त्यावरून बूट करता येत नाही आणि विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळात नाही.

आता ‘लोड डिफॉल्ट्स’बद्दल. ते दाबलं की साटाबरोबर पॅरलल आणि सिरियल पोर्टांची सेटिंगही मूळ जागी जाते. पॅरलल पोर्टाचा मोड एसपीपी, ईपीपी की ईसीपी, आणि त्याचा पत्ता ३७८ आहे की दुसरा, यावर डोंगल सापडणं अवलंबून असू शकतं. सिरियल पोर्ट कॉम १ चा पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट ४ असतो. तिथं ऑटो झालं की विंडोज त्याला दुसराच नंबर देऊ शकतं, डिसेबल्ड झालं तर पोर्टच दिसत नाही, आणि व्हीएमसी गप्प बसतो. सुरुवातीला काढलेल्या फोटोंशी ही दोन पानं ताडून बघा.

सगळं लागल्यावर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडून डोंगल सापडतो का ते बघा. मग एखादा छोटा, जुना, खात्रीचा प्रोग्रॅम व्हीएमसीकडं पाठवा, मशीनवर न चालवता परत कॉम्प्युटरवर मागवा, आणि दोन्ही फाइली ओळीला ओळ जुळतात का ते तपासा. जुळल्या तरच जॉब लावा. २५० जीबीची डिस्क महिनाभर पुसू नका; तारीख लिहून, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ऑफिसच्या कपाटात ठेवा.